वर्ध्याचं ‘वरध’ का होतं?

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांची नावं संगणकावरच्या एखाद्या अर्जात भरायची आहेत आणि अर्ज तयार करणाऱ्याने ‘नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालतील, आकडे आणि चिन्हं नकोत’ असा शहाणा वाटणारा नियम घातला आहे, असं समजू. नियम कामाला लागला की वर्ध्याचं ‘वरध’ होतं, देवळीचं ‘दवळ’, सेलूचं ‘सल’, आर्वीचं ‘आरव’, आष्टीचं ‘आषट’, कारंजाचं ‘करज’ आणि समुद्रपूरचं ‘समदरपर’. हिंगणघाटचं जे होतं ते छापायची सोय नाही. वाचकांनी काना, वेलांटी आणि अनुस्वार गाळून ते मनातल्या मनात वाचावं.

प्रोग्रामरने मुद्दाम काहीच वाकडं केलेलं नसतं. जावा भाषेत एखादं चिन्ह अक्षर आहे का हे विचारायला ‘इजलेटर’ नावाची तयार सोय आहे, तिच्यावर त्याने भरवसा ठेवलेला असतो. ही सोय युनिकोडच्या वर्गवारीवर चालते. युनिकोडने क, ग, म यांना ‘अक्षर’ या गटात ठेवलं आहे. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त मात्र ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या गटात आहेत. इंग्रजीत हा फरक कधी जाणवत नाही, म्हणून इंग्रजीवर तपासलेला नियम निर्दोष वाटतो. मराठी नाव टाकल्यावर मात्र त्याच्या निम्म्या खुणा रकान्याबाहेर राहतात. उपाय अवघड नाही. अक्षरांबरोबर जोडचिन्हांच्या गटालाही परवानगी द्यायची. पण हा उपाय करून थांबलेला प्रोग्रामर पुढच्या खड्ड्यात पडतोच, कारण मजकुराचा रकाना दिसतो तेवढा साधा नसतो.

विंडोज असो, जावाचं स्विंग असो वा क्यूट, रकाना तयारच मिळतो. कर्सर लुकलुकतो, मजकूर निवडता येतो, खोडता येतो, चिकटवता येतो. त्याला स्वतःची शिस्त लावायची तर पहिला प्रश्न येतो, पहारा कुठे बसवायचा? नवशिका प्रोग्रामर तो कळीवर बसवतो. कळ दाबली गेली की चिन्ह तपासायचं, नको असेल तर गिळून टाकायचं. मग कोणीतरी दुसरीकडून मजकूर उचलून थेट चिकटवतो आणि सगळी शिस्त कोलमडते, कारण चिकटवताना अक्षरांच्या कळा दाबल्याच जात नाहीत. कापणं-चिकटवणं ही सोय लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडवली. तेव्हापासून कळीवरचा पहारा म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

म्हणून पहारा कळीवर न ठेवता मजकुरावर ठेवतात. मजकूर कळीतून येवो, चिकटवण्यातून येवो वा उच्चारावरून लिप्यंतर करणाऱ्या साधनातून, रकान्याच्या पोटातल्या दस्तऐवजात शिरताना त्याला एकाच ठिकाणी अडवायचं. स्विंगमध्ये यासाठी २००२ सालच्या जावा १.४ पासून ‘डॉक्युमेंटफिल्टर’ आहे. त्यात भर घालणं, काढणं आणि बदलणं अशा तीन क्रियांवर स्वतःचा नियम लावता येतो. यातली गोम अशी की रकान्यात साधं टाइप केलेलं अक्षरसुद्धा ‘भर घालणं’ या वाटेने न येता ‘बदलणं’ या वाटेने येतं. पहिल्याच वाटेवर नियम लावून ‘फिल्टर चालतच नाही’ म्हणत डोकं धरून बसलेले प्रोग्रामर जगभर सापडतात.

जागा ठरली, आता वेळ. मराठीची खरी गंमत इथे आहे.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘वर्धा’ पाच कळांत लिहिला जातो: व, र, हलन्त, ध, काना. तिसऱ्या कळीनंतर रकान्यात ‘वर्’ एवढंच असतं. ‘नावाचा शेवट पाय मोडलेल्या अक्षराने होऊ नये’ हा नियम पूर्ण नावाला बहुधा ठीक आहे. तोच नियम प्रत्येक कळीला लावला तर हलन्त नाकारला जातो, पुढे ध आणि काना येतात आणि माणूस निमूटपणे ‘वरधा’ लिहून बसतो. मराठी शब्द पूर्ण होण्याआधी अशा चुकीच्या दिसणाऱ्या अवस्थांतून जातोच. जोडाक्षर एका कळीत होत नाही, रफार तर त्याहून नाही. लिहिणाऱ्याला मध्येच टोकणारा रकाना मराठीत निरुपयोगी ठरतो.

नॉर्वेत जन्मलेल्या क्यूट या साधनसंचाने ही अडचण फार नेटकी ओळखली. त्याचा तपासनीस ‘बरोबर की चूक’ असं विचारत नाही. त्याच्याकडे तीन उत्तरं असतात: अमान्य, मधली अवस्था आणि मान्य. ‘वर्’ ही मधली अवस्था. लिहू द्यायचं, पण एंटर दाबला तर पुढे जाऊ द्यायचं नाही. ‘वर्धा’ मान्य. शब्दाच्या सुरुवातीलाच आलेला एकटा काना अमान्य. क्यूट करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे देवनागरी होती असं मुळीच नाही. अर्धवट लिहिलेल्या तारखा आणि आकडे यांना हीच मुभा लागते. पण तिसऱ्या उत्तराची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल तर ती हलन्ताच्या लिपीला. स्विंगमध्ये हे काम दोघांत वाटलेलं असतं. लिहीत असताना डॉक्युमेंटफिल्टर सैल हाताने पाहतो आणि कर्सर रकान्याबाहेर निघताना ‘इनपुटव्हेरिफायर’ कडक तपासणी करतो.

हलन्त निदान आपल्या जागी येतो. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाची ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधीच येते. रेमिंग्टन पद्धतीत कागदावर जे डावीकडे उमटतं ते आधी दाबायचं असतं, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये क्रम उलटा: आधी क, मागून वेलांटी. यंत्राला स्मरणाची गरज नव्हती, कागद होता. रकान्याला मात्र स्मरण द्यावं लागतं. वेलांटीची कळ आली की ती मजकुरात न घालता बाजूला धरून ठेवायची, व्यंजन आलं की आधी ते आणि मग वेलांटी ठेवायची. हेही पुरत नाही. ‘स्थिती’ लिहिताना टंकलेखक वेलांटी, अर्धा स, मग थ अशा क्रमाने जातो. अर्धा स आल्यावर वेलांटी सोडून दिली तर शब्द बिघडतो. ती अर्ध्या अक्षरावरून पुढे न्यायची आणि पूर्ण व्यंजनाची वाट पाहायची. मध्येच कोणी स्पेस दाबला, कर्सर हलवला किंवा बॅकस्पेस मारला तर हातातल्या वेलांटीचं काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवावं लागतं.

या कामाचा एक जाणता वर्ध्याशी जोडलेला आहे. संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये अस्तित्वात आलेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्ध्यात आहे आणि तिथे भाषा-अभियांत्रिकीचं अध्यापन चालतं. तिथले अध्यापक म्हणून ओळखले जाणारे जगदीप सिंह दांगी यांनी विंडोजसाठी ‘प्रखर देवनागरी लिपिक’ आणि ‘प्रखर देवनागरी फॉन्ट परिवर्तक’ अशी साधनं केली. पहिलं साधन रेमिंग्टनवर बसलेल्या बोटांना युनिकोड लिहू देतं, दुसरं जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणतं. दोन्ही कामं एकाच इतिहासाची अपत्यं आहेत.

तो इतिहास थोडक्यात असा. १९९८ चं व्हिज्युअल बेसिक ६ हे कार्यालयीन सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं लाडकं हत्यार होतं, पण त्याच्या टेक्स्टबॉक्समध्ये युनिकोड देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. तो टेक्स्टबॉक्स जुन्या, एका बाइटच्या संकेतावलीवर चालायचा आणि विंडोजमध्ये देवनागरीला अशी संकेतावली दिलेलीच नव्हती. मग लोक फॉन्टची युक्ती वापरत. संगणकाला इंग्रजी अक्षरं दिसायची, माणसाला देवनागरी. कृतिदेव फॉन्टमध्ये वर्धा म्हणजे प्रत्यक्षात ओ, तिरकी रेघ, दोन के आणि शेवटी झेड. हा मजकूर आजच्या रकान्यात चिकटवला तर वर्ध्याच्या जागी ही इंग्रजी गिचमीड दिसते. चांगला रकाना मराठी नावाच्या जागी रेघा-अवतरणांत गुंतलेली इंग्रजी अक्षरं आली की ओळखतो आणि ‘हा जुन्या फॉन्टचा मजकूर दिसतो, बदलून घेऊ का?’ असं विचारतो. बदलणं म्हणजे चिन्हामागे चिन्ह ठेवणं नव्हे. कृतिदेवमध्ये झेड, म्हणजे रफार, ‘धा’ नंतर येतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त ‘धा’ च्या आधी लागतात. रफार सापडला की त्याला अख्ख्या अक्षरावरून उचलून मागे न्यावं लागतं.

इतकं करूनही दोन सारखे दिसणारे शब्द संगणकाला वेगळे वाटू शकतात. जिल्ह्याच्या न्यायालयात वकिलांची यादी करायला घेतली की पहिल्याच रकान्यात हे कळतं. ‘ॲड.’ मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत जागा दिली. पण त्याआधीपासून लोक अ वर अर्धचंद्र देऊन तोच आकार काढत आले होते आणि अनेक कळफलकांवर आजही तसंच निघतं. दोन्ही रूपं पडद्यावर सहसा वेगळी ओळखू येत नाहीत. शोध घेतला तर अर्धे वकील गायब. युनिकोडची प्रमाणीकरणाची तयार सोय इथे कामी येत नाही, कारण तिच्या लेखी ही दोन रूपं समान नाहीत. म्हणून फिल्टरमध्ये हाताने नियम लिहावा लागतो: अर्धचंद्र आत येत असेल तर त्याच्या मागचं चिन्ह पाहा, ते अ असेल तर दोन्ही काढून ॲ ठेवा. ‘मागचं चिन्ह पाहा’ हे महत्त्वाचं. टाइप करताना अ आधीच रकान्यात बसलेला असतो, नव्या तुकड्यात नुसता अर्धचंद्र येतो. फक्त नवा तुकडा तपासणारा फिल्टर चिकटवलेल्या मजकुरात चालतो आणि टाइप केलेल्या मजकुरात फसतो. शिवाय स्विंगमध्ये असा बदल एक काढणं आणि एक घालणं अशा दोन नोंदींनी होतो; त्या एकत्र बांधल्या नाहीत तर ‘अनडू’ला दोनदा दाबावं लागतं आणि वापरणारा चक्रावतो.

वर्धा नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की वऱ्हाड लागतं आणि वऱ्हाडाबरोबर दुसरी पंचाईत. ह ला जोडलेला हा आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक, ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून. इन्स्क्रिप्टवर ऱ हा र च्याच कळीवर शिफ्टसह मिळतो. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा ‘जोडक’. आता ‘मजकुरातली अदृश्य चिन्हं काढून टाका’ असा नियम किती प्रोग्रामर डोळे झाकून लावतात! वेबपानांवरून उचललेल्या मजकुरातला कचरा साफ करायला तो उपयोगीही असतो. पण दुसऱ्या वाटेने लिहिलेल्या शब्दातला जोडक निघाला की वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ होतं, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार. गोऱ्हे, कऱ्हाड, सगळ्यांची हीच गत. म्हणून जोडकाला हात लावायच्या आधी त्याच्या मागे र आणि हलन्त आहेत का ते पाहायचं आणि असतील तर ते तिन्ही मिळून ऱ आणि हलन्त करून टाकायचे. दोन वाटांची एक वाट होते आणि शोधही सुधारतो.

लांबीचा प्रश्न छोटा, पण करमणूक करणारा आहे. ‘सेवाग्राम’ वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडच्या मोजणीत तो नऊ चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये साठवला तर सत्तावीस बाइटचा, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. कोणी रकान्याला वीस बाइटची मर्यादा घातली तर सहाच चिन्हं मावतात. समुद्रपूरची पहिली सहा चिन्हं कापून घेतली की उरतो ‘समुद्र’. विदर्भात समुद्र आणायचं काम एवढ्या स्वस्तात दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. मर्यादा घालायचीच तर माणूस मोजतो ती अक्षरं मोजावीत, मात्र हेही सोपं नव्हतं. मजकुराचे तुकडे पाडण्याचा युनिकोडचा सामान्य नियम ‘ग्रा’ ला ‘ग्’ आणि ‘रा’ असे दोन तुकडे मानत असे. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरणारी सुधारणा २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. जुन्या लायब्ररीवर विसंबलेल्या रकान्यात कर्सर अजूनही ग आणि र च्या मध्ये जाऊन बसू शकतो.

बॅकस्पेस कसा वागावा यावर प्रोग्रामरांचे वाद होतात. संपूर्ण अक्षर एकदम खोडणं दिसायला नीटनेटकं आहे, पण मराठी टाइप करणाऱ्यांना ते सहसा आवडत नाही. ‘र्धा’ मधला काना चुकला तर फक्त काना जायला हवा. विंडोजच्या नेहमीच्या रकान्यात बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे घेतो आणि डिलीट पुढचं अख्खं अक्षर खातो. ही वाटणी वापरणाऱ्यांच्या बोटांत मुरलेली आहे. ती मोडायला फार सबळ कारण हवं.

आता सातबारा. विदर्भात पटवारी या शब्दाला अजूनही मान आहे आणि पटवाऱ्याच्या कागदातला सगळ्यात भांडखोर रकाना क्षेत्राचा. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहितात. शंभर आरचा एक हेक्टर, शंभर चौरस मीटरचा एक आर. एकर म्हणजे साधारण चाळीस आर. कोणी रकान्यात १.५ लिहिलं तर गणिताने दीड हेक्टर होतो. पण लिहिणाऱ्याच्या मनात एक हेक्टर पाच आर असू शकतात. फरक पंचेचाळीस आरचा, म्हणजे एकराहून अधिक जमिनीचा. असा रकाना साध्या दशांश आकड्याचा ठेवणं हा निष्काळजीपणा आहे. त्याचे तीन भाग करावेत, बिंदू दाबला की कर्सर पुढच्या भागात जावा, आर आणि चौरस मीटरच्या भागांत नव्व्याण्णवच्या वर जाऊ देऊ नये. आणि बिंदूनंतर एकच आकडा टाकून कोणी बाहेर पडला तर अंदाज न करता विचारावं: ५ आर की ५० आर? मागे आपणहून शून्य जोडणारा रकाना वेळ वाचवत नाही, तंटा पेरतो.

याच रकान्यात देवनागरी अंकांचा सापळा आहे. डॉटनेटमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने ‘हा अंक आहे का’ असं विचारलं तर ५ ला होकार मिळतो. तोच ५ संख्येत बदलायला दिला की प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. म्हणजे तपासणीत पास, कामात नापास. जावाची तऱ्हा वेगळी. पूर्णांक वाचणारी सोय देवनागरी अंक बिनतक्रार घेते, दशांश वाचणारी नाकारते. उपाय एका वजाबाकीचा आहे. देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६, इंग्रजी वळणाच्या शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी अंकातून २३५८ वजा केले की झालं. हे पोटात करावं. पडद्यावर पटवाऱ्याने लिहिलेले अंक त्याच वळणाचे राहू द्यावेत.

पडद्यावर काय बदलायचं आणि काय नाही, याची सगळ्यात अवघड परीक्षा वर्ध्यातल्याच जुन्या पुस्तकांची सूची करताना होते. गांधीजींच्या प्रेरणेने १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या प्रकाशनांत अ-च्या बाराखडीचा वापर केला: इ, ई, उ, ए यांच्याऐवजी अि, अी, अु, अे. काकासाहेब कालेलकर या सुधारणेचे पुरस्कर्ते होते. मराठीत सावरकरांनीही ती धरून ठेवली. छापखान्यातले खिळे कमी व्हावेत हा तिचा एक व्यावहारिक हेतू होता. अशा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘अितिहास’ असतं आणि वाचक शोधतो ‘इतिहास’. युनिकोडमध्ये अ ला वेलांटी जोडायला मज्जाव नाही, त्यामुळे रकाना ते घेतो, पण शोधात दोन्ही वेगळे पडतात. ॲ च्या बाबतीत रकान्याने परस्पर बदल केला तरी डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. इथे मात्र अि चं इ केलं तर मुखपृष्ठच बदलतं आणि त्या काळाची खूण पुसली जाते. म्हणून फिल्टरला इथे हात लावू द्यायचा नाही. नोंदीच्या रकान्यात अि तसंच ठेवायचं, आणि साठवताना शेजारी एक न दिसणारी शोधकळ तयार करायची, जिच्यात अि चं इ, अु चं उ, अे चं ए झालेलं असेल. शोधाच्या रकान्यात आलेला शब्दही त्याच नियमाने फिरवून घेतला की ‘इतिहास’ लिहिणारा आणि ‘अितिहास’ लिहिणारा दोघेही त्याच पुस्तकापर्यंत पोचतात.